पहिला ग्लास निवळशंख

१

"ही वॉल्टरची बिअर नाही."

एनिड ऑल्डरशॉ एवढंच म्हणाली आणि तिने ग्लास खाली ठेवला. 

क्षणापूर्वीपर्यंत तळघरात लग्नघरासारखी हवा होती. नोव्हेंबरचा पहिला शनिवार म्हणजे 'क्रूकेड शटल' पबचा वाढदिवस. इंग्लंडमधल्या लँकशरहून अमेरिकेत आलेल्या एनिड आणि तिच्या नवऱ्याने, वॉल्टरने, विन्स्लो मिल्स गावातल्या बंद कापडगिरणीत पब थाटला आणि गिरणीच्याच एका वाकड्या धोट्याचं नाव त्याला दिलं. वॉल्टर गेला, पण त्याची बिअर राहिली. वर्षातून एकदाच बनायची, एकच पिंप. ते सोमवारी तळघरातल्या लाकडी घोडीवर चढलं की एनिडचा हुकूम सुटायचा, "शनिवारपर्यंत हात लावाल तर हात मोडेन." शनिवारी सकाळी ती स्वतः लाकडी मोगरीने पिंपात तोटी ठोकायची आणि पहिला ग्लास प्यायची. तिच्याआधी कुणी चव घ्यायची नाही, अगदी बनवणाऱ्यानेही नाही.

आज तिने तसंच केलं होतं. ग्लास दिव्यासमोर धरला, तर बिअर निवळशंख. पलीकडच्या भिंतीवरची 'डोकं सांभाळा' ही पाटी त्यातून वाचता येत होती. "वा!" सगळ्यांच्या तोंडून निघालं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा असलेला लिऑन पेल्टिए सगळ्यांत खूश होता. बिअर बनवली होती त्याच्या भाच्याने, रेमीने, आणि पहिल्यांदाच एकट्याने.

आणि मग एनिडने घोट घेतला होता.

"नीट बघ," तिचा भाऊ सिरिल म्हणाला. तो दोन आठवड्यांपूर्वी लँकशरहून बहिणीकडे राहायला आला होता. "म्हातारपणी जीभ जाते आपली."

"जीभ तुझी गेली असेल. वॉल्टरच्या बिअरला जळक्या साखरेचा वास असतो आणि मागे संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. ही चांगली आहे, पण ही परकी आहे. कुणीतरी पिंप बदललंय."

"तळघराला कुलूप असतं ना गं?"

"असतं. किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला..." एनिडने वाक्य पुरं केलं नाही. दुसरी किल्ली रेमीच्या खिशात असते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सिरिलने मात्र पुरं केलं. "आणि काल संध्याकाळी हा एकटाच इथे खाली होता. वरच्या खिडकीतून मी पाहिलं, अंगणातून पिंप गडगडत नेत होता. दुपारी नदीपलीकडे त्या प्रेस्कॉट हेलच्या बिअरच्या कारखान्यातही गेला होता म्हणे. हेल याला नोकरी देतोय, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. जाताना हेलला भेट म्हणून वॉल्टरची बिअर नेली असेल."

"रेमी, बाळा," एनिडचा आवाज अगदी खाली आला, "तू काही बोलणार आहेस का?"

रेमीचे कान लाल झाले. मग त्याने खिशातून किल्ली काढली, पिंपाच्या पोटावर ठेवली आणि जिना चढून निघून गेला.

आठ वर्षांपूर्वी या पोराला हाताला धरून एनिडकडे लिऑननेच आणलं होतं. आज संध्याकाळी सहाला, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, एनिड हीच मोगरी रेमीच्या हातात देणार होती आणि पब त्याच्या स्वाधीन करणार होती. हे फक्त लिऑनला आणि सिरिलला माहीत होतं, रेमीला नाही.

"एनिड, मला दिवसभराचा वेळ दे," तो म्हणाला.

"तू त्याचा मामा आहेस, लिऑन."

"तीस वर्षं आगीच्या विम्याचे दावे तपासलेत मी. सख्ख्या मेव्हण्याचा दावा नामंजूर केलाय."

एनिडने मोगरी ॲप्रनला पुसली. "सहाला दार उघडायचंय. त्याआधी सांगितलंस तर ऐकेन. नाहीतर उद्यापासून तो इथे नाही, आणि मीही नाही. पब विकून या सिरिलबरोबर घरी जाईन. आणि तोवर कुणाकडे एक अक्षर बोलायचं नाही, माझं हसं व्हायला नकोय."

२

रेमी मागच्या अंगणात रिकामी पिंपं धूत होता. इतक्या जोरात घासत होता, की पिंपाने त्याचं काय घोडं मारलं होतं असं वाटावं.

"काल काय नेत होतास गडगडत?"

"हेच. रिकामं. धुवायला." त्याने पिंपाला लाथ मारली. ते पोकळ वाजलं. "भरलेलं पिंप असं गडगडवतात का, मोनॉंक?" त्यांच्या फ्रेंच घराण्याच्या वळणाने तो मामाला मोनॉंकच म्हणे.

"हेलकडे का गेला होतास?"

"ते माझं मी बघेन."

"अरे गाढवा, तिला सांग तरी! तोंड उघडलंस तर काय झिजणार आहे?"

"आठ वर्षांत तिला कळलं नाही मी कोण आहे ते. आता एका सकाळीत काय सांगू?" रेमीने पाण्याचा नळ पूर्ण सोडला.

हुबेहूब आईवर गेलाय, लिऑनच्या मनात आलं. त्याची बहीण ओडेट अशीच. रुसली की कुलूप लावून किल्ली विहिरीत.

"बरं, पिंपाचं सांग. सुरुवातीपासून."

"सोमवारी घोडीवर चढवलं. मंगळवारी वरच्या भोकात मऊ खुंटी ठोकली."

खुंटीचं प्रकरण इथल्या गिऱ्हाइकांना पाठ होतं. अशा पिंपातली बिअर जिवंत असते. ती आतल्या आत फसफसत राहते, आणि मऊ, सच्छिद्र लाकडाच्या खुंटीतून जास्तीचा वायू सावकाश बाहेर पडतो. फुस्स फुस्स थांबलं की समजायचं, आता ती शांत झाली. मग कडक लाकडाची खुंटी मारायची आणि साका खाली बसू द्यायचा.

"बुधवारी पहाटे मी आईला घेऊन बोस्टनला गेलो, डोळ्याच्या ऑपरेशनला. तुम्हाला माहीतच आहे. गुरुवारी रात्री परत आलो. शुक्रवारी खाली गेलो तर पिंप शांत होतं. कडक खुंटी मारली, बाकी हात लावला नाही. तिचा हुकूम होता ना!"

"आणि कालपासून किल्ली?"

"माझ्या खिशात. झोपतानासुद्धा." रेमीने वर पाहिलं. "म्हणजे मीच चोर ठरलो ना, मोनॉंक?"



३

सिरिल बारवर शब्दकोडं घेऊन बसला होता. 'क्रूकेड शटल'मध्ये टीव्ही नव्हता. होता तो डार्टचा फळा, आकड्यांवर टांगलेले नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग, आणि ज्याला मूर्ख अमेरिकन हातपंप म्हणून हसायचे तो बिअर खेचायचा लाकडी दांडा.

"या, फौजदारसाहेब! भाचा सुटला की अडकला?"

"तुम्हालाच विचारायला आलोय. एनिड पब विकून निघाली तर सगळ्यांत आनंद तुम्हालाच."

"अर्थात! आमच्या एनिडला न्यायलाच आलोय मी." सिरिलने पेन्सिल खाली ठेवली. "पण तेवढ्यासाठी मी वॉल्टरची बिअर नासवेन? अहो, एकवेळ चर्चला काडी लावीन, पण बिअर ओतून देणार नाही. आणि पन्नास किलोचं पिंप उचलणार कोण? माझ्या कमरेला पट्टा आहे, चहाची किटली उचलताना मला घाम फुटतो."

त्याने शर्ट वर करून पट्टा दाखवला. नको असताना दाखवला. पट्टा खरा होता.

"काल दिवसभर कुठे होतात?"

"इथेच. या तुमच्या पबात माणसाने जगावं कसं? खाली तळघरात गेलं की रंगाच्या वासाने डोकं दुखतं. वर यावं तर खायला काही नाही. परवापासून लोणच्याची अंडी बंद, व्हिनेगरमधले कांदे बंद. का, तर म्हणे कोठीच्या खोलीत उंदीर झालेत! उंदीर अंड्यांची बरणी उघडतात का हो?"

लिऑन उठता उठता थांबला. "तळघरात रंग? कुणी दिला?"

"मला काय विचारता? मी पाहुणा आहे."

लिऑन जिना उतरून तळघरात गेला. सकाळी सगळ्यांच्या नजरा पिंपावर होत्या, वर कुणी पाहिलंच नव्हतं. जुन्या विटांचं छत काळवंडलेलं होतं, फक्त घोडीच्या बरोबर वर पांढराशुभ्र चट्टा होता. ताजा. लिऑन स्टुलावर चढला, नखाने तो खरवडला आणि बोट नाकाशी नेलं.

पांढऱ्या रंगाखाली तपकिरी डाग होता, आणि त्या डागाला जळक्या साखरेचा वास होता.

४

स्वयंपाकघरात डार्लीन पॉट्स मासे तळायची तयारी करत होती. ती नुकतीच आली होती, तिची पाळी दुपारची. पंधरा वर्षं ती इथे स्वयंपाक करत होती आणि पंधरा वर्षांत तिने बिअरचा थेंब चाखला नव्हता. तिला लागायची रूट बिअर, म्हणजे नुसता गोड सोडा, तोही लहान मुलांसारखा नळीने.

"लिऑन! एनिडला आवडली ना रे यंदाची बिअर?" त्याला पाहताच तिने विचारलं.

लिऑनची जीभ एनिडने बांधली होती. "ग्लास तर अगदी स्वच्छ आला," तो खरं तेवढंच बोलला.

"देव पावला!" डार्लीन म्हणाली आणि खुर्चीवर बसली. जरा जास्तच जोरात बसली.

तिच्या डाव्या अंगठ्याला भलंमोठं बँडेज होतं. कोठीच्या खोलीच्या दाराला टेकवून पिठाची पोती रचली होती.

"अंगठ्याला काय झालं?"

"बटाटे चिरताना."

"बटाटे चिरताना अंगठ्याचं नख काळं पडतं?" बँडेजच्या वर नखाचा जांभळा कोपरा दिसत होता. डार्लीनने हात ॲप्रनखाली घेतला.

"तू तपासायला आलायस की चिप्स खायला?"

"दोन्ही. काल किती वाजता गेलीस?"

"चारला. नातवाचा फुटबॉलचा सामना होता. अख्खं गाव होतं तिथे, विचार कुणालाही."

चारला रेमी अजून तळघरात उतरलाही नव्हता. म्हणजे शुक्रवार संध्याकाळच्या चोरीशी डार्लीनचा संबंध नाही. लिऑनने दोन चिप्स उचलल्या आणि चडफडत बाहेर पडला. धागे हाताला लागत होते, पण एकही दुसऱ्याला जुळत नव्हता. बिअर चोरून नेली असेल तर ती छताला कशी चिकटली? आणि चारला गेलेल्या बाईचा अंगठा कशाने ठेचला?

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते. अंगणात रेमी आपली बॅग मोटारीत टाकत होता.

५

नदीपलीकडे प्रेस्कॉट हेलचा कारखाना म्हणजे नुसता लखलखाट. स्टीलच्या टाक्या, चार भिंतींवर चार टीव्ही, आणि बर्फासारखी गार बिअर. हेल तोंडाचा फटकळ. 'क्रूकेड शटल'च्या बिअरला तो चारचौघांत 'कोमट डबकं' म्हणायचा, आणि एनिड त्याच्या बिअरला 'दात घासायचं पाणी'.

"तुझ्या भाच्याला जरा अक्कल शिकव," लिऑनला पाहताच तो ओरडला. "काल इथे आला आणि नोकरी नको म्हणाला! मी पगार वाढवला, मोटार देतो म्हटलं. तर म्हणतो, मला एनिडकडेच राहायचंय. घाबरत घाबरत म्हणाला, तिने ठेवलं तर."

लिऑनने टेबलाची कड धरली. असं होय! नकार द्यायला गेला होता पोरगा, आणि अभिमानापायी सांगत नव्हता. लिऑनचे डोळे पाणावले. पण हे एनिडला सांगून भागणार नव्हतं. पिंप बदललं हे खरंच होतं.

"हे तू एनिडसमोर सांगशील?"

"का? काय झालं?"

"काही नाही. संध्याकाळी ये म्हणजे झालं."

"येतो ना, वर्षातून एक दिवस डबकं प्यायला हरकत नाही." हेल त्याला दारापर्यंत सोडायला आला. लिऑन पायऱ्या उतरला तेव्हा मागून त्याचा आवाज आला, जरा हळू. "बाकी... बिअर निवळली होती ना रे? साफ आली?"

"आरशासारखी," लिऑन म्हणाला आणि चालू लागला.

पुलाच्या मध्यावर त्याचे पाय आपोआप थांबले. ज्या माणसाला ते डबकं वाटतं, त्याला ते निवळल्याची चिंता का?

आणि मग लिऑनने कपाळावर हात मारून घेतला. निवळली! अरे देवा, निवळली होती ना! सकाळपासून ते त्याच्या नाकासमोर होतं. एनिडने ग्लास दिव्यासमोर धरला, त्यातून पाटी वाचता आली, आणि सगळेच्या सगळे, जन्मभर या पिंपांची बिअर पिणारे, चवीच्या मागे लागले.

बासष्ट वर्षांचा लिऑन पेल्टिए पुलावरून चक्क धावत सुटला. थोडं पुढे जाऊन परत फिरला आणि हेलच्या दारात जाऊन धापा टाकत म्हणाला, "संध्याकाळी नाही. आत्ता चल. तुझ्यामुळे एका पोराचं नाव मातीत चाललंय."

६

पाच वाजता सगळे तळघरात जमले. एनिड घोडीशेजारच्या स्टुलावर, मोगरी मांडीवर. सिरिल जिन्यावर. रेमी अंगात कोट घालून, निघायच्या तयारीत. हेल भिंतीला टेकून. डार्लीनला लिऑनने हाक मारून आणलं, तेव्हा तिच्या हातात झारा तसाच होता.

"बोल लवकर," एनिड म्हणाली. "बाहेर लोक जमायला लागलेत. रेमी, बाळा, तू माझं ऐकून थांबलास, बरं केलंस. जायचं ते यानंतर जा."

"जायचं?" डार्लीनने विचारलं. "हा कुठे जातोय?"

"वॉल्टरची बिअर चोरली म्हणून हाकलतेय त्याला," सिरिल म्हणाला.

झारा फरशीवर खणकन पडला. डार्लीनने तोंड उघडलं, पण लिऑनने हात वर केला. "थांब, डार्लीन. मला क्रमाने सांगू दे, तुलाही सोपं जाईल.

"सिरिलचं म्हणणं, रेमीने काल संध्याकाळी पिंप बदललं. एनिड, भरलेलं पिंप हलवलं तर काय होतं?"

"साका ढवळतो. बिअर चिखलासारखी होते."

"आणि निवळायला किती वेळ?"

"दीड दिवस तरी. दोन असले तर उत्तम..." एनिडचा हात मोगरीवर थबकला. ती ग्लासकडे बघू लागली. तो अजून तिथेच होता, सकाळइतकाच स्वच्छ. "अगं बाई!" ती म्हणाली.

"काल संध्याकाळी आणलेलं पिंप आज सकाळी निवळशंख येणं शक्य नाही. म्हणजे परकं पिंप इथे आलं ते उशिरात उशिरा गुरुवारी. आणि गुरुवारी रेमी होता बोस्टनमध्ये, माझ्या बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन. रेमी, मी तुला कालच्या किल्लीचं विचारलं. बुधवारी, गुरुवारी किल्ली कुठे होती?"

"स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर," रेमी म्हणाला. "मी नसलो की तिथेच असते. एनिडच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही, म्हणून काही लागलं तर डार्लीन..."

डार्लीन हमसून हमसून रडत होती.

"वर बघा," लिऑन हळू आवाजात म्हणाला. "त्या पांढऱ्या रंगाखाली वॉल्टरची बिअर आहे. चोरलेली बिअर छतावर उडत नाही. कोंडलेला वायू सुटला की काय होतं, ते विम्याच्या दाव्यांत मी आयुष्यभर पाहिलंय. इथे कुणीतरी खुंटी ठोकली होती, जोरात, आणि ठोकताना स्वतःचा अंगठाही ठेचून घेतला."

"ते फुस्स फुस्स करत होतं!" डार्लीनने नाक पुसलं. "बुधवारी बटाटे घ्यायला खाली आले तर पिंपाच्या डोक्यातून फेस येत होता. मला वाटलं गळतंय! शनिवारपर्यंत काय उरणार? एनिड दुपारची झोपली होती, रेमी नव्हता. तिथे एक कडक खुंटी पडली होती. मऊ काढली आणि ती ठोकली, चांगली तीन-चारदा. आवाज बंद झाला. मला वाटलं, वा डार्लीन, वाचवलंस!"

"वाचवलंस!" रेमीने डोक्याला हात लावला. पण त्याच्या तोंडावर हसू फुटायला लागलं होतं.

"संध्याकाळी धाडकन आवाज झाला. खुंटी छताला, बिअर छताला, माझ्या केसांत, सगळीकडे. करायला गेले एक आणि झालं भलतंच. एनिड म्हणाली होती हात मोडेन. माझे तर पायच मोडले. मग मी..." तिने हेलकडे पाहिलं.

"मग तिने मला फोन केला," हेल खाकरत म्हणाला. "माझ्याकडे मागच्या खोलीत एक पिंप होतं. बरेच दिवस तयार. गुरुवारी सकाळी, एनिड उठायच्या आत, आम्ही दोघांनी ते इथे चढवलं आणि मऊ खुंटी लावून दिली. मी तिला बजावलं होतं, एनिडला एका घोटात कळेल, आधीच सांगून टाक."

"मला कसं कळणार ते?" डार्लीन म्हणाली. "मला सगळ्या बिअरी सारख्याच कडू लागतात! रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. रोज धीर सुटायचा. पण रेमीवर आळ येईल असं स्वप्नातही वाटलं नाही गं, एनिड. शपथ."

एनिड तिच्याकडे न बघता हेलकडे वळली. "तुझ्याकडे पिंप कसं, प्रेस्कॉट? गार बिअरच्या टाक्यांत?"

हेल कानापर्यंत लाल झाला. "स्वतःसाठी बनवतो. एकटाच पितो. वॉल्टरने शिकवली होती, विचारायला लाज वाटायची तरी. कुणाला सांगू नका, माझ्या धंद्याचं वाटोळं होईल."

"दहा वर्षं माझ्या बिअरला डबकं म्हणतोस आणि घरी तेच डबकं पितोस?" एनिडने ग्लास उचलून आणखी एक घोट घेतला, या वेळी सावकाश. "वाईट नाहीये," ती म्हणाली. हेलच्या चेहऱ्यावर शाळेतल्या पोराला शाबासकी मिळावी तसा आनंद पसरला.

मग ती रेमीकडे वळली. 

"हेलची नोकरी नाकारायला गेला होतास?"

"हो." 

"मग सकाळी बोलला का नाहीस, मूर्खा?"

"तुम्ही विचारलं, त्याचंच वाईट वाटलं."

"वाटायलाच हवं होतं. चुकले मी. चाळीस वर्षं पब चालवला आणि ग्लास समोर धरून मला तो दिसला नाही. माफ कर, बाळा." तिने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सिरिलने घसा साफ केला. "मीही जरा घाईच केली म्हणायची," तो म्हणाला. त्याच्या तोंडून याहून जास्त निघणं अशक्य होतं.

"राहिली एकच गोष्ट," लिऑन म्हणाला. "वॉल्टरचं पिंप. सगळं तर छतावर गेलं नसेल. डार्लीन, बाकीचं मोरीत ओतलंस?"

"ओतीन का मी?" डार्लीन उसळून म्हणाली. "वॉल्टरने मला तुरुंगातून सुटलेल्या नवऱ्यासकट ठेवून घेतलं होतं. त्याची बिअर मी मोरीत ओतीन?"

"मग लोणच्याची अंडी परवापासून बंद का आहेत, हे सिरिलला सांगून टाक. फार तळमळतोय बिचारा."

७

पिठाची पोती बाजूला झाली. कोठीची खोली म्हणजे गिरणीचं जुनं दगडी कोठार, उन्हाळ्यातही गार. अंड्यांच्या बरण्यांच्या मध्ये दोन विटांवर पिंप आडवं ठेवलेलं होतं, अंगावर स्वच्छ टेबलक्लॉथ पांघरलेलं.

"मीच लावून दिलं," हेल म्हणाला. "ताजी कडक खुंटी मारली. दोन-तृतीयांश तरी असेल. गुरुवारपासून कुणी हात लावलेला नाही, पण हवा आत गेली होती. व्हिनेगर झालं असेल तर मला बोल लावू नका."

"उचलून बारवर नेऊ या," सिरिल म्हणाला.

"हात लावाल तर हात मोडेन!" एनिड आणि रेमी एका सुरात ओरडले.

डार्लीन रडता रडता हसली. सगळेच हसले. मग एनिडने मोगरी उचलली.

तिने ती एकदा हातात तोलली आणि रेमीपुढे धरली. "तू ठोक."

"पण दरवर्षी तुम्ही..."

"माझे गुडघे वाकत नाहीत. ठोक म्हटलं ना."

रेमीने कोट काढला. गुडघे टेकून तोटी भोकाशी धरली आणि एकाच घावात आत बसवली. थेंबही सांडला नाही. त्याने ग्लास भरला, उठला आणि सवयीने एनिडपुढे केला. एनिडने हात मागे बांधले.

"पहिला ग्लास पबच्या मालकाचा असतो," ती म्हणाली. "पी."

रेमी तिच्याकडे बघत राहिला. मग मामाकडे, मग हातातल्या मोगरीकडे. मोगरी काखेत मारून पोराने ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटून घोट घेतला.



"जळकी साखर," रेमी डोळे न उघडता म्हणाला. "आणि मागून संत्र्याची साल."

लिऑनचा जीव भांड्यात पडला. एनिडने ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं आणि वॉल्टरचं नाव घेतलं. डार्लीनने आवेगाने सिरिलला मिठी मारली आणि तो "कंबर! कंबर!" म्हणून ओरडला.

पुढच्या दारावर लोक मूठ आपटायला लागले होते. सहा वाजले होते.

"उघडा, पण बारवर कुणी बसू नका म्हणावं," एनिड म्हणाली. "पिंप हलणार नाही. ज्याला वॉल्टरची बिअर हवी, त्याने आपला मग घ्यावा आणि स्वयंपाकघरातून रांगेत यावं, अर्धा अर्धा ग्लास. मग पोटभर प्यायला प्रेस्कॉटची आहेच."

"माझं नाव नको!" हेल कळवळला.

"फळ्यावर खडूने लिहिणार आहे मी तुझं नाव. मोठ्या अक्षरांत."

रेमी दार उघडायला निघाला, तेवढ्यात हेलने त्याची बाही धरली आणि हळूच विचारलं, "ए पोरा, मघाशी ग्लास दिव्यासमोर धरलाच नाहीस तू. साफ होती ना?"

रेमीने ग्लास उंच धरला. पलीकडून त्याला मामाचा चेहरा दिसला, अगदी स्वच्छ, आणि मामा हसत होता.